मशीनच्या नावाची भाकर

आत्याला सरकारी अनुदानातून पॉवर टिलर मिळाला, त्या उन्हाळ्यात मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी बसले होते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मीच पहिली. त्यामुळे कचेरीत कोणाशी बोलायचं, कुठे सही करायची, हे सगळं माझ्याकडे आलं. "पोरगी शिकलेली हाय, ती बघंल," असं म्हणून आत्या निर्धास्त झाली. मला मात्र दरवेळी वाटायचं की माझ्या शिकण्यात काहीतरी कमी आहे, कारण मी जितकं समजून घ्यायला जाई तितकी जास्त गोंधळत असे. आता इतकी वर्षं गेली, तरी त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या पावसाळ्यात नेमकं काय झालं ते मला धड मांडता येत नाही. पाहिलं तसं सांगते.

आम्ही काचीगुड्याला स्टेशनमागच्या गल्लीत एका खोलीत राहायचो. वडील रेल्वेच्या पार्सल कचेरीत होते. आत्या त्यांची मोठी बहीण. ती शहराच्या कडेला राहायची. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून बरंच चालावं लागे, मग ओढ्याच्या काठाने भाजीचे हिरवे तुकडे दिसायला लागत. आजोबांच्या पिढीत मराठवाड्यातून आलेली सात-आठ घरं तिथं वसली होती. एक छोटा विहार, एक हातपंप, आणि प्रत्येकाचा एक-दीड एकराचा तुकडा. पालक, मेथी, वांगी, भेंडी पिकवायची आणि सकाळच्या ट्रॉलीने शहरातल्या मंडीत पाठवायची. घरात बोली आपली मराठी, पण तीत तेलुगू आणि दखनी इतकी मिसळलेली की नांदेडकडचे पाहुणे आले की हसायचे.

आत्याचे यजमान जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. वडील दर दिवाळीला तिला म्हणायचे, "तुकडा दिराला करायला दे आणि ये आमच्याकडे." आमच्या एका खोलीत ती कुठे झोपेल हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आत्याही कधी विचारायची नाही. नुसती म्हणायची, "सावड हाय तवर मला काय परेशानी न्हाई."

ही सावड मला लहानपणापासून ठाऊक होती, पण कळलेली नव्हती. आज तुझ्या तुकड्यात मी, उद्या माझ्या तुकड्यात तू, इतकं सरळ दिसतं. पैसा मध्ये येत नाही. पण किती काम केलं हेही कोणी मोजत नसे. म्हातारा आला तरी एक, तरणा आला तरी एक. पोटुशी बाई येऊन झाडाखाली बसली आणि तिने नुसत्या मेथीच्या जुड्या बांधल्या, तरी तीही एकच. मोजायची खूण निराळी होती. दुपारी त्या बांधावर जेवायला कोण बसलं? ज्याने तुमच्या बांधावर तुमची भाकर खाल्ली, त्याची सावड तुमच्यावर चढली. मग तुम्ही त्याच्या बांधावर जायचं, काम करायचं, त्याची भाकर खायची, आणि ती उतरवायची. खाऊ घालणाराच पुन्हा देणं लागायचा, हे मला लहानपणी उलटं वाटायचं. मी एकदा आत्याला तसं विचारलंही होतं. ती म्हणाली, "भाकर काय फुकट पचती का? काम केलं तरच पचती. मग खाल्ली म्हंजी काम केलंच की."

आत्याकडे बैल नव्हते, घरात पुरुष नव्हता. ती सावडीत टिकून होती ती ढेकळं फोडण्यावर, वाफे बांधण्यावर आणि खुरपणीवर. उन्हाळ्यात बैलांनी नांगरून गेलं की बाया ओळीने बसून ढेकळं फोडायच्या, माती भुसभुशीत करायच्या. आत्या सगळ्यांच्या तुकड्यात जायची, सगळ्यांच्या भाकरी खायची. पुढे तिची भेंडी तोडायला आली की सगळे तिच्याकडे यायचे. भेंडी थांबत नाही. एक दिवस राहिली की जून होते, आणि जून भेंडी मंडीत कोणी उचलत नाही. एकट्या बाईकडून ट्रॉली यायच्या आत एक एकर तोडून होत नाही. म्हणून पहिल्या तोडीला सगळ्या वस्तीने यायचं, असा रिवाज होता. पहिल्या तोडीला कोणी आलं नाही तर समजायचं, आपण सावडीतून गेलो.

ते दिवस सगळंच बदलण्याचे होते. आबिड्सला नव्या कोल्ड्रिंकच्या मोठमोठ्या पाट्या लागल्या होत्या. गल्लीत एसटीडी बूथ आला होता आणि समोरच्या घरावर तव्यासारखी छत्री बसली होती. आमचे इकॉनॉमिक्सचे सर रोज उदारीकरणावर बोलायचे. ते म्हणायचे, यंत्रामुळे श्रम वाचतात, आणि वाचलेले श्रम जास्त चांगल्या कामाकडे वळतात. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. वाचलेले श्रम ते वळेपर्यंत कुठे थांबतात, असं विचारावंसं वाटलं होतं, पण वर्गात हात वर करायचं धाडस झालं नाही.

अनुदानाची बातमी मोठे बाबांच्या मुलाने आणली. मोठे बाबा म्हणजे आत्याचे थोरले दीर. वस्तीत लहानथोर सगळे त्यांना मोठे बाबाच म्हणत. मुलगा म्हणाला, भाजीपाला पिकवणाऱ्यांना सरकार मशीनसाठी निम्मे पैसे देतंय, आणि बाईच्या नावाने मागितलं तर लवकर नंबर लागतो. वस्तीत स्वतःच्या नावावर जमीन असलेली बाई एकच होती. सगळ्यांनी आत्याला पुढे केलं. उरलेले पैसे आत्याने यजमानांच्या मागे मिळालेल्यांतून घातले. मला तेव्हा फार अभिमान वाटला. कचेरीतल्या साहेबांनी मला खुर्ची दिली होती, ती माझ्या आयुष्यातली पहिली सरकारी खुर्ची.

मशीन आलं ते मे महिन्यात. लाल रंगाचं, दोन लांब दांड्यांचं, पुढे इंजिन आणि मागे मातीत फिरणारी वाकडी पाती. मोठे बाबांच्या मुलाने दांड्या धरल्या, दोरी ओढली, आणि ते धडधडत आत्याच्या तुकड्यात शिरलं. मागे माती अशी पडत गेली की जणू कोणी चाळून टाकली आहे. ढेकूळ म्हणून राहिलं नाही. सगळ्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. शेजारची काकू, जिची जीभ वस्तीत सगळ्यात तिखट, ती आत्याला म्हणाली, "झालं गं बाई! आता तुला कोण बोलवणार? तुझं काम त्यानं खाल्लं."

आत्या हसली. पण संध्याकाळी पाणी भरताना मला म्हणाली, "काकू बोलली ते खरं हाय का गं?"

मी म्हणाले, "अगं आत्या, मशीन तुझंच आहे. ते सगळ्यांच्या तुकड्यात जाईल. म्हणजे तूच गेल्यासारखं."

"मी गेल्यासारखं कसं? मी तर घरी."

"मशीन तुझं ना?"

"बैल ज्याचा असतो त्याला बैलामागं जावं लागतंच की."

दुसऱ्या दिवशी मशीन काकूच्या तुकड्यात जायचं होतं. सकाळी पाहते तर आत्याने कामाचं जुनं लुगडं नेसलेलं, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात खुरपं. दांड्या धरून तिचा पुतण्या, मोठे बाबांचा मुलगा, पुढे, आणि त्याच्या मागे चार पावलांवर आत्या. मशीन वळलं की ती वळायची. मशीन थांबलं की थांबायची. तिला करायला काही नव्हतं. मध्येच एखादं हरळीचं मूळ उचलून बांधावर टाकायची, तेवढंच. ऊन चढत गेलं. भुसभुशीत मातीत पाय रुतायचे, त्यामुळे चालायला जास्तच त्रास. तिला घामाने निथळताना पाहून मला कळेना की या मशीनने श्रम वाचवले ते कोणाचे.

पुतण्या ओरडला, "काकी, बस की सावलीत! धूळ खायला का येती?"

"तू तुझं चालव."

दुपारी काकूने बांधावर भाकरी सोडल्या. अंबाडीची भाजी, ठेचा, कांदा. आत्या हात धुऊन येऊन बसली. काकूने टोपलीवर हात ठेवला.

"तू कशाची बसती गं? काम तर त्यानं केलं."

"ते जेवतं का?"

"न्हाई."

"मग त्याच्या नावाची मी जेवते."

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, म्हणून मी काही सांगावं असं तिला वाटलं असेल. पुतण्या तोंडात घास घेऊन म्हणाला, "जेवतं की काकू, दोन लिटर डिझेल पिलंय सकाळपासून. तुझ्याच कॅनमधलं."

"हौ! म्हंजी त्याला पाजायचं बी मी आन् तिला खाऊ घालायचं बी मी?" काकू म्हणाली. पण हसत हसत तिने आत्याच्या हातावर भाकर ठेवली, आणि वर ठेचाही वाढला.

त्या उन्हाळ्यात आत्या असं प्रत्येकाच्या तुकड्यात मशीनमागे चालली. प्रत्येकाच्या बांधावर जेवली. मोठे बाबांच्याही. त्यांनी आधी बैलच लावणार म्हणून हट्ट धरला होता, पण मुलगाच मशीन चालवणारा, तो ऐकेना. आत्या त्यांच्या बांधावर जेवायला बसली तेव्हा मोठे बाबांनी स्वतः भाकर वाढली, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्याचा अर्थ काय घ्यायचा हे मला कळलं नाही. मी आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "वाढली न्हवं? मग झालं."

पावसाला सुरुवात झाल्यावर कचेरीतले साहेब पाहणीला आले. तरुण होते, बोलायला चांगले. मशीन नीट वापरात आहे का, त्याने किती माणसांचं काम वाचलं, हे त्यांना पाहायचं होतं. मशीन त्या वेळी एका शेजाऱ्याच्या तुकड्यात सऱ्या पाडत होतं आणि आत्या नेहमीप्रमाणे मागे चिखलातून चालत होती. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग आत्याला म्हणाले, "क्या अम्मा, मशीन दिए तो बी तुम कैकू पीछे चलरैं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "साहेबाला सांग, जेवायचं हाय म्हणून."

हे मी हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत सांगून पाहिलं. दोन्हींत ते चुकीचं वाटलं. साहेबांना वाटलं आत्याच्या घरी खायला नाही. त्यांचा चेहरा पडला. मी घाईने सावड समजावून सांगितली. त्यांनी मन लावून ऐकलं, आणि शेवटी अगदी सरळ उपाय सांगितला. तासाच्या हिशेबाने मशीन किरायाने द्या. नगद पैसे येतील. त्या पैशांत भेंडी तोडायला मजूर लावा. कोणाच्या मागे चालायला नको, कोणाचं खायला नको.

मला ते इतकं पटलं की मी त्याच जागी आत्याला समजावू लागले. आमच्या सरांनी सांगितलं होतं ते हेच असावं असं मला वाटलं. वाचलेले श्रम म्हणजे किराया. उत्तर सापडल्याचा आनंद झाला.

आत्या म्हणाली, "किरायाने दिलं की ते गिऱ्हाईक झाले. उद्या मला ताप आला तर गिऱ्हाईक येतंय का भेंडी तोडायला?"

"मजूर येतील ना."

"कुठून? इथं सगळ्यांचे तुकडे हायत. बाहेरून येतील ते बिल्डिंगीवर जास्त मिळतं तिकडं जातील." मग म्हणाली, "आन् साहेबाला विचार, हे मशीन माझं का सरकारचं?"

साहेब म्हणाले, तुमचंच अम्मा, फक्त काही वर्षं विकायचं नाही. आत्याने मान हलवली. तिला एवढंच हवं होतं असं दिसलं. साहेबांनी तिला दांड्या धरायला लावून फोटो काढला. इंजिन बंद होतं. फोटोत ती फार कडक दिसते, जणू कोणी तिला मशीनसकट पकडून आणलं आहे.

आषाढ सरता सरता भेंडीला फुलं आली, आणि वस्तीत कुजबूज सुरू झाली. आत्याला वाफे बांधायला, खुरपायला कोणी बोलावत नव्हतं. सऱ्या मशीनने पाडलेल्या, तण कमी, हातांचं काम थोडं. तिने खाल्लेल्या भाकरी सगळ्या मशीनच्या नावाच्या होत्या. त्या धरायच्या की नाही? रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळे ओट्यावर बसले आणि विषय निघाला. कॉलेज उघडलं होतं, तरी मी खास गेले होते. बसमध्ये मी बोलायचे मुद्देही ठरवले होते.

मोठे बाबा म्हणाले, "सावड हाताची असती. इंजिनाची कसली सावड? इंजिन थकतंय का?"

पुतण्या म्हणाला, "बाबा, ते रोज चालू करून बघा. थकतंय की न्हाई कळंल."

लोक हसले. मोठे बाबा हसले नाहीत. "डिझेल पिलं म्हणून सावड धरायची, तर पाण्याच्या मोटारीची बी धरा. तिला बी जेवायला बोलवा."

काकू म्हणाली, "पण बाई चालली की मागं. माझ्या बांधावर जेवली. मी माझ्या हातानं वाढलं."

"चालली म्हंजी काम केलं का? माझी शेळी बी मागं चालती."

आत्या खाली मान घालून ओट्यावरची खडी नखाने काढत होती. मला राहवलं नाही. मी उठून म्हणाले की मशीन एका दिवसात जे करतं त्याला पूर्वी कितीतरी बाया लागायच्या, म्हणजे खरं तर मशीनची सावड एका माणसाची नाही, जास्त धरायला हवी. मला वाटत होतं की मी आत्याच्या बाजूने बोलते आहे.

मग आत्याच म्हणाली, "नक्को. एकच धरा. जास्त नक्को."

"अगं पण आत्या..."

"खाली बस."

मी बसले. एक शेजारी मोकळेपणाने म्हणाला, "तसं न्हाई वैनी. किती होतो ते सांगा, आम्ही किराया देऊन टाकतो. मनात राह्यला नको." त्याचा भाऊही म्हणाला, "हौ, तेच बरं." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण आत्याचा चेहरा उतरला. मोठे बाबा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "बघू पहिल्या तोडीला." मग सगळेच उठले.

परत येताना मी आत्याला विचारलं, जास्त का नको म्हणालीस? ती म्हणाली, "इतकी चढली तर फेडतील कुठून? ज्याचं फेडता येत न्हाई त्याच्या दारावरून माणूस जात बी न्हाई." मग थोड्या वेळाने, "तुझं चुकलं न्हाई. पण तुझं बरोबर बी न्हाई." त्या वाक्याचं काय करायचं ते मला समजलं नाही. चिक्कडपल्लीच्या वाचनालयात बसून मी त्या आठवड्यात सहकार, श्रमविभागणी असं काय काय वाचलं. त्यात जेवणाचा उल्लेख नव्हता.

पहिली तोड श्रावणाच्या सुरुवातीला आली. मी आदल्या संध्याकाळीच जाऊन राहिले. वडिलांनी निघताना सांगितलं होतं, "कुणी न्हाई आलं तर तिला घेऊनच ये. बोचकं बांधायला लाव." आईने कोपऱ्यातली ट्रंक सरकवून जागाही करून पाहिली होती. ते सगळं आत्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही. पण माझ्या हातातली रिकामी मोठी पिशवी तिने पाहिली होती.

पहाटे आत्याने नेहमीपेक्षा खूप जास्त भाकरी केल्या. टोपली शिगोशीग भरली. त्या उरल्या तर काय, हा विचार मी मनातून काढत होते. भेंडीच्या लवेने हात खाजतात म्हणून आम्ही दोघींनी वडिलांचे जुने मोजे हातात चढवले, बोटांसाठी भोकं पाडून. आणि लागलो. देठ मोडल्याचा बारीक कटकट आवाज, आणि दर थोड्या वेळाने आत्याची पायवाटेकडे जाणारी नजर.

काकू आली. लांबूनच ओरडली, "दोन लिटर डिझेल पाजलंय मी, ते बी आज वसूल करणार!" तिच्या मागे तिची सून. मग पुतण्या आला, त्याची सावड कोणाशी आहे हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, पण आला. आणखी दोन बाया आल्या. किरायाची भाषा करणारे दोघे भाऊ आले नाहीत. त्यांनी पोराबरोबर निरोप पाठवला की हिशेब करून ठेवा. आत्याने निरोपाला उत्तर दिलं नाही.

मोठे बाबाही आले नाहीत. आणि सगळ्यांची नजर त्यांच्याच वाटेकडे होती. काकू हळूच म्हणाली, "म्हातारा न्हाई आला तर उद्याच्याला आमचं घर बी मला येऊ देणार न्हाई." म्हणजे आज जमलेलेही पुढच्या तोडीला येतीलच असं नव्हतं. ऊन वर आलं. ट्रॉलीवाला हॉर्न वाजवून गेला, बरीचशी भेंडी ट्रॉलीत गेली. कडेच्या दोन-चार ओळी राहिल्या.

आम्ही जेवायला बसलो. आत्या भाकरी वाढत होती, आणि टोपली अजून अर्धी भरलेली होती. तेवढ्यात मोठे बाबा बांधावरून येताना दिसले. काठी टेकत, सावकाश. ते सरळ राहिलेल्या ओळीत गेले. वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच वरच्या वर मूठभर भेंड्या तोडल्या. त्यांतल्या निम्म्या जून होत्या. त्या आणून त्यांनी टोपलीशेजारी ठेवल्या, हात धुतले, आणि आमच्यात मांडी घालून बसले.

"वाढ."

आत्याने भाकर वाढली. त्यांनी ती ठेच्याबरोबर पूर्ण खाल्ली. दुसरी मागितली, तीही खाल्ली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "ही फेड न्हाई, हां. मशीनची सावड मी धरत न्हाई. ही नवी."

"बरं," आत्या म्हणाली.

"बुधवारी टमाट्याचं रोप लावायचं हाय माझ्यात. मशीन आणू नको. एकटी ये."

"बरं."

ते काठी घेऊन आले तसे गेले. मी मनात हिशेब केला. त्यांचा सगळा तुकडा मशीनने नांगरला होता. आत्या त्यांच्याकडे दिवसभर मातीतून चालली होती. त्याचं काहीच धरलं गेलं नाही. आणि आता मूठभर जून भेंड्या आणि दोन भाकरी यांच्यापायी उलट आत्याच त्यांचं देणं लागत होती. कसंही मांडलं तरी आत्याचं नुकसान होतं. मी ते तिला सांगायला तोंड उघडलं.

पण आत्या उठली होती. उरलेल्या भाकरी तिने फडक्यात बांधल्या आणि रिकामी टोपली उलटी करून झटकली. काकूने तिला कोपरखळी मारली आणि म्हणाली, "बुधवारी मी बी हाय तिथं. लौकर ये, शेंड्याकडची ओळ आपली." आत्या हसत होती, दात दिसेपर्यंत.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा तिने माझ्या मोठ्या पिशवीत भेंडी भरली, पार वरपर्यंत, बोचक्यासाठी जागाच उरणार नाही इतकी. मशीन कडुनिंबाखाली उभं होतं. त्याच्या इंजिनावर तिने पोतं टाकलं आणि सुतळीने बांधलं.

"बुधवारी ते लागणार न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या बापाला सांग, मला यायला जमायचं न्हाई. काम हाय."